पासंग

नेरुळच्या रिंकवर निकालाचा कागद
सेलोटेपनं डकवला साडेअकराला.
पहिल्या दोघी राज्याला. बाकीच्या घरी.
कार्तिकी पार्टे, तिसरी,
शून्य पूर्णांक शून्य चार गुणांनी.

मी सव्वीस वर्षं मापाडी,
कांदा-बटाटा मार्केट, वाशी.
शून्य पूर्णांक शून्य चार म्हणजे चाळीस ग्रॅम.
एक कांदा, तोही आतून पोकळ.
काट्याशेजारी कुणी शिंकलं
तरी इतका फरक पडतो.

तीन परीक्षक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर,
चौथ्या बाई स्क्रीनसमोर.
त्या म्हणाल्या, डबल सॅल्को पाव फेरी कमी.

पाव फेरी म्हणजे किती गं,
मी विचारलं होतं मागे, जेवताना.
तिनं माझं ताट फिरवून दाखवलं होतं:
मीठ होतं तिथून लोणच्यापर्यंत.

बायकोच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे.
सतरा वेळा पाहिला, थांबवून, दोन बोटांनी ताणून.
उडताना मागे दिव्याचा खांब, गंजलेला.
चाकं टेकतात तेव्हाही मागे
तोच खांब, तोच गंज.
मीठ ते मीठ.

टेबलावरचे गृहस्थ सभ्य होते.
चहा विचारला.
तक्रार अर्ध्या तासात, लेखी, दीड हजार भरून.
व्हिडिओ नको, म्हणाले.
बेरीज चुकली असेल तर लिहा.
नजर चुकली असेल तर
त्याचा फॉर्म नसतो.

हे वाक्य ओळखीचं वाटलं.
ओतूरची एक बाई, हिरवं पातळ,
गोणीवर हात ठेवून उभी राहिली होती: परत तोल.
मी म्हणालो होतो, काटा सरकारी शिक्क्याचा आहे.
मागे अकरा ट्रक होते.
तोललं नाही परत.

कार्तिकी पायरीवर बसून
स्केटची नाडी सोडत होती.
मान वर न करता म्हणाली,
बाबा, पैसे भरू नका.
सॅल्को पूर्ण होता.
पण आधीच्या लूपला माझा दुसरा पाय टेकला.
तुम्ही टाळ्या वाजवत होता तेव्हा.
तो कुणी पाहिला नाही.

मग?

मग काही नाही.
जिथे कापायचे तिथे कापले नाहीत,
जिथे कापले तिथे चूक नव्हती.

आमच्याकडे याला कडता म्हणायचे:
गोणी न उघडता
सरसकट काढून ठेवलेला थोडा माल,
आत माती असेलच या हिशेबानं.
मी तिला सांगणार होतो,
एका पारड्यातली चूक
दुसऱ्या पारड्यातल्या चुकीला पासंग होत नाही, पोरी.
सांगितलं नाही.
ती चौदा वर्षांची आहे, आणि तिनं स्वतःला
माझ्यापेक्षा नीट तोललं होतं.

अर्धा तास तसाच गेला.
पाचशेच्या तीन नोटा
खिशात ओल्या झाल्या घामानं.
पहिली आलेली मुलगी पेढे घेऊन आली.
कार्तिकीनं एक खाल्ला,
एक माझ्यासाठी मागून घेतला.

कोपरखैरण्याच्या बसमध्ये
स्केट मांडीवर घेऊन बसली.
एक चाक बोटानं फिरवलं.
बेअरिंग नवी आहेत, उसनवारीनं घेतलेली.
सानपाड्याच्या पुलापर्यंत
फिरत होतं ते चाक, किंवा
ती पुन्हा पुन्हा फिरवत असेल.
मी खिडकीबाहेर पाहत होतो.

माझे वस्ताद म्हणायचे,
माल चढवायच्या आधी रिकामी पारडी बघ.
पासंग तिथेच कळतो.
आता पारडी नाहीत,
लोखंडी पाट आहे आणि लाल आकडे.

पहाटे पहिली गोणी आली.
पाटावर एक कांद्याचं साल चिकटलं होतं,
ते काढलं.
हमाल ओरडला, पार्टे, शून्य झालं की!
झालं होतं.
तरी थांबलो.